एकदाच लावायचा सूर

शेजारच्या गायिकेला ऑपरेशनची तारीख अचानक मिळाली, म्हणून तिच्या अल्बमचं शेवटचं गाणं त्याआधीच्या शनिवारी रेकॉर्ड करायचं ठरलं. ते ऐकायला मी माझ्या वडिलांना घेऊन गेले. पुढे जे झालं ते लिहू का, असं मी तिला विचारलं तेव्हा तिने एकच अट घातली, नाव घालू नकोस. ती अट मी सगळ्यांनाच लावली आहे, स्वतःलाही.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या कडेला आमची वसाहत आहे. सगळी घरं एकसारखी, दोन-दोन जोडलेली. आमच्या जोडीतलं दुसरं घर तिचं. ती एका शाळेत फ्रेंच आणि स्पॅनिश शिकवते. आई उत्तर मोरोक्कोतली, वडील पोर्तुगालच्या डोंगराळ भागातले. दोघंही आता नाहीत. आमची ओळख कचऱ्याच्या डब्यांमुळे झाली. कोणत्या आठवड्यात कोणत्या रंगाचा डबा बाहेर ठेवायचा हे मला कळत नव्हतं आणि तिला ते पाठ होतं.

ती गाते हे मला वर्षभर माहीत नव्हतं. मग एकदा तिच्या स्वयंपाकघरात रेडिएटरला टेकवून ठेवलेला एक चौकोनी डफ दिसला. दोन्ही बाजूंनी चामडं आणि आत काहीतरी खुळखुळणारं. इथल्या ओल्या हवेत चामडं सैल पडतं, म्हणून शेकायला ठेवलाय, असं ती म्हणाली. आमच्या गावात मिरवणुकीआधी हलगीवाले कागद पेटवून हलगी शेकायचे ते मी तिला सांगितलं. तिच्या वडिलांच्या गावात बायका हा डफ वाजवत ऑलिव्ह तोडणीची गाणी म्हणतात. डफ तिथे अरबांकडून आला, आणि त्याचं तिथलं नावही अरबी डफावरूनच पडलेलं. आमच्याकडेही डफच म्हणतात, फक्त तो गोल असतो, असं मी म्हटल्यावर ती म्हणाली, "मग तू माझी लांबची नातेवाईक निघालीस."

तिच्या आईच्या गावची गाणी अरबी. शेकडो वर्षांपूर्वी स्पेनमधून हाकलले गेलेले लोक ती सोबत घेऊन समुद्र ओलांडून आले, असं तिथले लोक मानतात. तिच्या अल्बममध्ये ही दोन्हीकडची गाणी होती, एकमेकांत विणलेली. एका ओळीत आई, दुसऱ्या ओळीत वडील. लहानपणी घरात तसंच चालायचं म्हणे. आई भांडी घासताना एक गाणं धरायची आणि वडील दुसऱ्या खोलीतून त्यात आपलं गाणं सोडायचे.

बाकीची गाणी रेकॉर्ड होऊन गेली होती. शेवटचं मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण सगळा अल्बम त्याच्यासाठी होता. त्यात आईच्या विरहगीताची शेवटची ओळ वर वर चढत जाते आणि अगदी वरच्या सुरावर थांबते. त्याच सुरावरून वडिलांचं ऑलिव्हचं गाणं खाली उतरायला लागतं. तो सूर म्हणजे दोन गाण्यांचा सांधा. तो लागला नाही तर दोन्ही गाणी दोन काठांवर राहणार.

आणि तोच सूर धोक्यात आला. तिच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ वाढून श्वासनलिकेवर दाब देत होती. तपासणीतून ती साधी आहे की वाईट हेही नक्की कळत नव्हतं. काढणं भाग होतं. सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं, बोलणं बहुतेक ठीक राहील, पण वरचे सूर ज्या नसेवर चालतात ती नस गाठीला अगदी चिकटून जाते, तिची हमी मी देत नाही. सरकारी हॉस्पिटलच्या यादीत तिचा नंबर बराच लांब होता. मग कुणीतरी आपली तारीख रद्द केली आणि ती तिला मिळाली, पुढचाच सोमवार. ती सोडली तर पुन्हा महिनोन्महिने वाट बघायची. तिने हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर आधी मला हाक मारली.

आवाजाचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तिला बजावलं होतं की घशावर आधीच ताण आहे, तो वरचा सूर शनिवारी एकदाच लाव. सरावात तिथपर्यंत जायचं आणि खाली यायचं. म्हणजे गाणं एकाच दमात, एकदाच होणार होतं.

भिंतींसमोर मी गाऊ शकत नाही, समोर माणसं हवीत, असा तिचा हट्ट होता. रेकॉर्डिंग करणारा कॉर्कचाच गृहस्थ होता, अतिशय मृदू बोलणारा. त्याला हे पसंत नव्हतं. शेवटी चार श्रोते ठरले, तिच्या शाळेतल्या दोन शिक्षिका, मी आणि माझे वडील. अट एकच होती, कुणाचाही कसलाही आवाज येता कामा नये.

वडिलांना मी अण्णा म्हणते. ते तेव्हा परभणीकडून आमच्याकडे आलेले होते. वहिनीच्या बाळंतपणामुळे आई मागे राहिली होती. अण्णा बँकेत शिपाई होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि मला चढवली ती त्यांनी. त्यांना स्वतःला गाता येत नाही, वाजवता येत नाही. गुरुवारी दत्ताच्या देवळात भजन असलं की ते सगळ्यात पुढे बसायचे, एवढाच त्यांचा गाण्याशी संबंध. नव्या देशात त्यांना करमत नव्हतं. गाणं आहे म्हटल्यावर त्यांनी शुक्रवारीच बॅगेतून ठेवणीतले कपडे काढून ठेवले.

मी लहान गावातून आलेली. माझ्यामुळे कुणाची गैरसोय होऊ नये ही काळजी मला इथे पहिल्या दिवसापासून आहे. ऑफिसात कॉफीचा कप ठेवतानासुद्धा मी आवाज करत नाही. शनिवारी सकाळी गाडीत मी अण्णांची शाळा घेतली.

"अण्णा, खोकायचं नाही."

"नाही खोकत."

"घसा खाकरायचा नाही. मोबाइल गाडीतच ठेवायचा."

"ठेवला."

"उठता-बसता तुमचे गुडघे वाजतात."

"मग काय गुडघेबी गाडीत ठेवू?"

मी हसले नाही. चपला बाहेर, नायलॉनचं जाकीट बाहेर, खिशातली सुटी नाणी बाहेर. जेवढे आवाज मला सुचले तेवढे सगळे मी बंद केले.

शहराच्या पश्चिमेला एका खेड्यात एक जुनं लहानसं चर्च आहे. आता ते गावाचं सभागृह म्हणून वापरतात. दगडी भिंती हातभर जाडीच्या. आम्ही पोचलो तेव्हा सगळे आधीच आले होते. ऊद वाजवणारा एक माणूस होता. ऊद म्हणजे पोट फुगलेलं, लहान मानेचं अरबी तंतुवाद्य. दोन बाया चौकोनी डफ घेऊन बसल्या होत्या. गायिका कोपऱ्यात गळ्याभोवती मफलर गुंडाळून उभी होती. बोलत नव्हती. तिने मला पाहून फक्त पापण्या मिटल्या.

सुरुवात करणार तोच शेजारच्या शेतात ट्रॅक्टर आला. चाऱ्याच्या कापणीचे दिवस होते. रेकॉर्डिंगवाला हेडफोन काढून बाहेर गेला, शेतकऱ्याशी बोलून आला, म्हणाला की तो एवढी पट्टी संपवून चहाला थांबणार आहे. आम्ही बसून राहिलो. ट्रॅक्टर गेला तर छपरावर पाऊस वाजायला लागला. पाऊस थांबला तर पन्हाळीतून पाणी ठिबकत राहिलं. रेकॉर्डिंगवाल्याने त्याखाली स्वतःचा स्वेटर ठेवला. एवढ्या वेळात गायिकेचा गरम झालेला घसा थंड होत होता, आणि तो पुन्हा गरम करायला तिच्याकडे जास्तीचं काही उरलं नव्हतं. ती डोळे मिटून हळू हळू पाणी पीत होती. मला माझ्याच छातीचे ठोके ऐकू येत होते, आणि ते माइकला ऐकू जातील की काय अशी वेडी भीती वाटत होती.

मग एकदम सगळं शांत झालं. रेकॉर्डिंगवाल्याने हात वर केला आणि खाली आणला.

ऊदचे चार-पाच सूर, मग तिचा आवाज. अरबी मला एक शब्द कळत नाही. पण कुणीतरी समुद्रापलीकडे गेलंय आणि हाक पोचत नाहीये, एवढं कळायला शब्द लागत नव्हते. ती हळू गात होती. प्रत्येक सुरावर पाय टाकून तो धरतोय का हे बघून मगच पुढे जात होती. डफ अजून गप्प होते. ओळ चढायला लागली. ओळ अजून चढली. आणि तो वरचा सूर लागला, बारीक, स्वच्छ, दोऱ्यासारखा ताणलेला. तिने तो हवा तेवढा धरला आणि नेमक्या जागी सोडला.

सभागृहात तो विरत होता. पुढच्या श्वासानंतर डफ सुरू होऊन वडिलांचं गाणं उतरायला लागणार होतं.

"वाऽ," अण्णा म्हणाले.

मोठ्याने नव्हे. जेवताना एखादा घास आवडला की माणूस म्हणतो, तसं. आणि अगदी बरोबर त्या मोकळ्या जागेत.

मी त्यांना सगळे आवाज सांगितले होते, हा सांगितला नव्हता. मला तो सुचलाच नव्हता. आमच्याकडे गाण्याला दाद देणं हा आवाज करण्याचा प्रकारच नाही. तो ऐकण्याचाच भाग. पुढे बसलेल्या माणसाने तोंड शिवून बसावं, ही गाणाऱ्याला शिक्षा.

रेकॉर्डिंगवाल्याची मान वळली. मला वाटलं, आता ती थांबणार. ती थांबली नाही. तिने डोळे उघडले, अण्णांकडे पाहिलं, आणि तीच ओळ पुन्हा धरली.

डफ वाजवणाऱ्या बायांनी उचललेले हात तसेच हवेत ठेवले. ऊदवाला घाईने मागे येऊन तिच्या सोबतीला लागला. या वेळी ती जपून चालत नव्हती. खालून सरळ मुसंडी मारावी तशी ती वर गेली. वरचा सूर लागला, पहिल्यापेक्षा कितीतरी भरून लागला, आणि मधेच फाटला. खिळ्याला अडकलेलं कापड फाटावं तसा. त्या फाटलेल्या सुरावरूनच ती वडिलांच्या गाण्यात उतरली. डफ सुरू झाले. उरलेलं सगळं गाणं ती खालच्या, खरखरत्या आवाजात गायली आणि संपवलं.

मग रेकॉर्डिंगवाल्याने हेडफोन काढले आणि मधला आवाज कुणाचा होता, असं विचारलं. अण्णांना इंग्रजी येत नाही, पण त्यांना कळलं. शाळेत उभं राहावं तसे ते हात वर करून उभे राहिले. त्यांचे गुडघे वाजले.

मी माफी मागायला लागले. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, नाही नाही, इट्स ग्रँड, म्हणजे सगळं ठीक आहे. इथल्या माणसाने त्या आवाजात ग्रँड म्हटलं की काहीच ग्रँड नसतं, हे मला एव्हाना कळत होतं. पुन्हा गाणं होणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. गायिका गळ्यावर हात ठेवून बसली होती. तिने फोनवर टाइप करून मला दाखवलं. "आमच्या घरी कोणी असं म्हटलं की ओळ परत म्हणायची असते. घशाला विचारायला वेळ मिळाला नाही."

परत येताना मी अण्णांना नको ते बोलले. आवाज चढवला नाही, पण बोलले. एका माणसाच्या आयुष्यातली एक गोष्ट होती, ती एकदाच होणार होती, आणि तुम्हाला तोंड बंद ठेवता आलं नाही. ज्यांनी मला शिकवलं, त्यांना मी गाडीत शिकवत होते.

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "तू आवाज करू नका म्हणलीस. मी ऐकत होतो, बाई."

रविवारी शेजारून काहीच आवाज नव्हता. मी सूप करून दाराशी गेले तर तिने दार उघडलं आणि पुटपुटावं तशी ओठ हलवून आभार मानले. आवाज फुटतच नव्हता. मी विचारलं, शनिवारमुळे? तिने खांदे उडवले. घरी आले तर अण्णा जिन्यात उभे. "बोलली का?" मी नाही म्हटलं. ते तसेच वर जाऊन खोलीत बसले. रात्री जेवताना त्यांनी अर्धी पोळी ठेवली. त्यांनी पानात टाकलेलं मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

सोमवारी ती एकटीच टॅक्सीने हॉस्पिटलला गेली. संध्याकाळी तिचा मेसेज आला, झालं, ग्रँड. अण्णा म्हणाले, फोन कर. मी म्हटलं, अहो, आज फोन कसा करणार. ते म्हणाले, मग ग्रँड कशावरून? लिहिलेल्या शब्दाला कुठे आवाज असतो?

मलाही तेच वाटत होतं. पुढचे दिवस मी ऑफिसात बसून घशाच्या नसांबद्दल वाचत राहिले. कामाचं काही धड झालं नाही. शनिवारच्या त्या दुसऱ्या चढाने आधीच सुजलेलं काही दुखावलं असेल का, याचं उत्तर कुठेच सापडेना.

ती घरी आली त्या दुपारी आमच्या दाराची बेल वाजली. अण्णा माझ्याआधी दाराशी पोचले. गळ्यावर पांढरी पट्टी. तिने तोंड उघडलं आणि विचारलं, दुधाची बाटली आहे का जास्तीची? आवाज हवेने भरलेला, जाड, सर्दी झालेल्या माणसासारखा. पण आवाज होता. अण्णांनी स्वतः फ्रिज उघडला आणि घरात होतं नव्हतं तेवढं सगळं दूध तिला दिलं.

गाठ साधी निघाली. बोलणं हळूहळू भरत गेलं. वरचे सूर मात्र आले नाहीत. ती रोज थोडा प्रयत्न करायची, एका ठरावीक जागी आवाजाची नुसती हवा व्हायची. काही लोकांचे येतात परत, काहींचे येत नाहीत, असं सर्जन म्हणाला. आणि शनिवारचा याच्याशी काही संबंध नाही, असंही म्हणाला.

"खात्रीने?" मी विचारलं.

"त्याने खात्रीने सांगितलं. त्याला खात्रीने माहीत आहे का, ते मला माहीत नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "वर मी गेले होते. तुझ्या बाबांनी मला ढकललं नव्हतं."

अण्णांना हे मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण मानलं नाही.

अण्णांच्या परतीच्या आठवड्यात तिने आम्हा दोघांना चहाला बोलावलं. रेकॉर्डिंगवाल्याने गाणं पाठवलं होतं आणि काय करायचं ते त्या दिवशी ठरवायचं होतं. तिने स्पीकर टेबलावर ठेवला. पहिला चढ. बारीक स्वच्छ सूर. वाऽ. दुसरा चढ. फाटणं. उतरण. स्वतःचा आवाज आला तेव्हा अण्णांनी मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही.

रेकॉर्डिंगवाल्याचं म्हणणं तिने आम्हाला सांगितलं. पहिला चढ निर्दोष आहे. त्याच्यामागे थेट उतरण जोडायची, अण्णांचा आवाज आणि दुसरा चढ दोन्ही कापायचे. जोड कुणाला कळणारही नाही.

अण्णा मला म्हणाले, "तिला सांग, तो माणूस बरोबर बोलतोय. काढून टाका म्हणावं माझं. गाणं तिचं आहे. मी कोण त्यात?"

मी सांगितलं.

"तुझ्या बाबांचा आवाज काढते," ती म्हणाली. "तो त्यांनी मला दिला होता. विकत घेणाऱ्यांना नाही. पण दुसरा चढ मी ठेवणार."

मी म्हटलं, तिथे तर आवाज फाटलाय.

"हो. पहिल्या चढात मी आवाज जपत होते. तो आईचा सूर नाही, घाबरलेल्या बाईचा सूर आहे. दुसऱ्यात मी घाबरायचं विसरले. माझ्याकडे तो सूर होता हे कुणाला ऐकवायचंच असेल, तर मी हाच ऐकवीन."

मी ते मराठीत सांगितलं. ऐकणाऱ्याला कळेल का, ती पुन्हा का गेली ते, असं अण्णांनी विचारलं. तिने मान हलवली, नाही कळणार. मग आपल्या तिघांना ठाऊक आहे, तेवढं पुरे, असं म्हणून अण्णांनी कप उचलला. चहा निवला होता, ते तसाच प्यायले.

जायला उठलो तेव्हा त्यांनी मला दारात थांबवलं. म्हणाले, विचार तिला, आता हे गाणं ती गाणारच नाही का? मला विचारवेना. त्यांनी पुन्हा सांगितलं तेव्हा विचारलं.

ती परत टेबलापाशी आली. खुर्ची मागे सारून बसली, टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि गाणं बरंच खालून सुरू केलं. ओळ चढत गेली. सांध्यापाशी आवाजाची हवा झाली. ती थांबली. आणखी खालून सुरू केलं. तिथेही तेच. अण्णा दारातून परत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. तिसऱ्या वेळी तिने इतकं खालून धरलं की पहिली ओळ नुसती घरघर वाटली, बाईचा आवाज वाटेना. पण ओळ चढली, सांध्यावर टेकली आणि टिकली. जाड, काळसर, मी याआधी कधी न ऐकलेला सूर. त्यावरून ती वडिलांच्या गाण्यात उतरली आणि शेवटपर्यंत गेली.

मग ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "इथून. आता इथून गायचं."